एनएमएसवरून राउटर अपग्रेड करण्याआधी रजिस्टरचा आकडा बघा

सिस्कोचं सीसीएनए सर्टिफिकेट झालं, नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात, नोकरी लागली, की लवकरच हे काम अंगावर येतं: सिस्कोच्या शाखा-राउटरांची आयओएस एक्सई इमेज (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टमची फाइल) नेटवर्क मॅनेजमेंट ॲप्लिकेशनवरून, म्हणजे एनएमएसवरून, बदलायची. पूर्वी प्राइम इन्फ्रास्ट्रक्चर असायचं, आता बऱ्याच ठिकाणी कॅटलिस्ट सेंटर आहे. २०२३ पर्यंत त्याचं नाव डीएनए सेंटर होतं आणि जुनी माणसं अजून तेच म्हणतात. इमेज रिपॉझिटरीत आणायची, गोल्डन (सगळीकडे वापरायची मान्य इमेज) ठरवायची, राउटरांवर पाठवायची म्हणजे डिस्ट्रिब्यूट करायची, राउटर रीलोड करून चालू करायची म्हणजे ॲक्टिव्हेट करायची, हा क्रम तुम्हाला लॅबमधून माहीत असेल. त्यात अवघड काही नाही. कठीण वेळ येते ती ॲक्टिव्हेशनच्या रीलोडनंतर. तेव्हा राउटर दूरच्या शाखेत असतो, शाखेला कुलूप असतं आणि तुमच्यासमोर फक्त एक स्क्रीन असते.

डिस्ट्रिब्यूशनचं थोडक्यात सांगतो. ते दिवसा उरकून घ्या; रात्रीच्या चेंज विंडोत (बदलांसाठी ठरवून दिलेल्या वेळेत) फक्त ॲक्टिव्हेशन ठेवा. फाइल एचटीटीपीएस किंवा एससीपीने जाऊ द्या. टीएफटीपीच्या वाटेला जाऊ नका, सीनियर कितीही आग्रह करो. टीएफटीपी, सेटिंग बदललेलं नसेल तर, एका वेळी ५१२ बाइटचा ब्लॉक पाठवतो आणि त्याची पोच येईपर्यंत थांबतो. लिंकवर जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद लागत असतील, तर ५०० एमबीच्या इमेजला १६ तासांहून जास्त लागतात, मग लिंक कितीही मोठी घ्या. एचटीटीपीएस वापरणार असाल तर राउटरचं घड्याळ एनटीपीशी जुळलेलं आहे ना, ते आधी बघा. घड्याळ चुकीचं असेल तर सर्टिफिकेट नाकारलं जातं आणि आपण उगाच फायरवॉलवर संशय घेत बसतो.

आता मुख्य गोष्ट. ही नीट वाचा, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती.

शो व्हर्जन या कमांडच्या उत्तरात अगदी शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टरचा आकडा असतो; राउटरने बूट कसं व्हायचं ते हा आकडा ठरवतो. हेक्समधला २१०२ असेल तर सगळं ठीक. २१४२ असेल तर तो राउटर पुढच्या रीलोडला आपली स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे सेव्ह केलेली सेटिंग्ज, वाचणारच नाही. या दोन आकड्यांत फरक हेक्समधल्या ४० चा, म्हणजे फक्त एका बिटचा. ते बिट राउटरला सांगतं की एनव्हीरॅममधल्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या) कॉन्फिगकडे दुर्लक्ष कर. पासवर्ड रिकव्हरी करताना आपण मुद्दाम २१४२ लावतो, हे तुम्ही शिकलेलाच आहात. काम झाल्यावर तो परत २१०२ करायचा असतो. घाईत तेवढंच राहून जातं.

राहिलं तरी काही बिघडत नाही, हाच सगळ्यात वाईट भाग. रनिंग कॉन्फिग (सध्या चालू असलेली सेटिंग्ज) मेमरीत आहे, शेजारच्या राउटरांशी रूटची देवाणघेवाण करणारा बीजीपी चालू आहे, ग्राहकाचे व्यवहार चालू आहेत. राइट मेमरी, म्हणजे कॉन्फिग सेव्ह करण्याची कमांड, तीही बिनतक्रार होते. यूपीएस चांगला असेल तर असा राउटर वर्षानुवर्षं चालतो. मग एका रात्री आपला जॉब त्याला रीलोड करतो. राउटर नव्या इमेजवर व्यवस्थित बूट होतो, पण कोरा: आयपी नाही, रूट नाही, एसएसएच नाही. ॲप्लिकेशनला एवढंच दिसतं की डिव्हाइस अनरीचेबल आहे.

आमच्याकडे नेमकं हे झालं, तेव्हा आम्ही आधी इमेजला दोष दिला, मग लिंकवाल्यांकडे तिकीट टाकलं. शाखेतल्या माणसाने राउटरला थेट लॅपटॉप जोडणारी कन्सोल केबल लावल्यावर कळलं, तोवर पहाट झाली होती.

घाबरू नका, कॉन्फिग गेलेली नसते. ती एनव्हीरॅममध्ये जशीच्या तशी असते. ती खऱ्या अर्थाने जाते ती त्यानंतरच्या गडबडीत. कन्सोलवर राउटर विचारतो, सुरुवातीचा कॉन्फिगरेशन डायलॉग हवा का? फोनवरच्या माणसाला ठामपणे सांगा: ‘नो’ लिहा आणि मी सांगेपर्यंत राइट मेमरी अजिबात करू नका. त्या क्षणी सेव्ह केलं तर चांगल्या कॉन्फिगवर कोरी कॉन्फिग बसते. मग बॅकअप असेल तरच वाचाल. आधी स्टार्टअप कॉन्फिग रनिंगवर कॉपी करायची. एवढ्याने लिंक येत नाही, आणि इथे पुन्हा धीर सुटतो. कोऱ्या राउटरचे पोर्ट मुळात शट (बंद) असतात आणि सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये नो शटची (पोर्ट चालू करणारी) ओळ नसतेच. त्यामुळे वापरातल्या एकेका इंटरफेसवर जाऊन हाताने नो शट द्यावं लागतं. लिंक वर आली, की रजिस्टर २१०२ करा आणि मगच सेव्ह करा.

हे सगळं टाळायला लागतं फार थोडं. कॅटलिस्ट सेंटरमध्ये कमांड रनर आहे; त्यातून अनेक राउटरांवर शो कमांड चालवता येतात. जॉब लावण्याच्या आदल्या दिवशी यादीतल्या प्रत्येक राउटरवर शो व्हर्जन चालवा आणि शेवटची ओळ डोळ्यांनी वाचा. २१४२ दिसला तर त्या राउटरवर कॉन्फिग मोडमध्ये जाऊन २१०२ लावायचा. रीलोडची गरज नाही. नंतर त्याच ओळीत राउटर सांगतो की पुढच्या रीलोडला आकडा २१०२ असेल. तेवढं दिसलं की त्या राउटरची काळजी मिटली. अपग्रेड रेडीनेसच्या तपासणीतही रजिस्टरची ओळ येते. पण त्या अहवालात इतर इशारे इतके असतात की नवा माणूस सगळ्यांवर एकदमच पुढे जा म्हणतो. तसं करू नका. न कळलेला एकही इशारा मागे ठेवून ॲक्टिव्हेट दाबायचं नाही, मग विंडो संपत आली असली तरी.

गुरू कोणाला मानावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ‘सगळे सिलेक्ट कर, काही होत नाही’ म्हणणारा सीनियर रात्री अडीच वाजता फोन उचलेलच असं नाही. ज्याने स्वतः कन्सोल केबल लावून राउटर परत उभा केला आहे, त्याच्या शेजारी बसा, चहा पाजा, एकेक प्रश्न विचारा. डम्प, म्हणजे परीक्षेचे फुटलेले प्रश्न, पाठ करून सर्टिफिकेट मिळतं, पण रीलोडनंतर पोर्ट शट का राहिले, हे डम्पमध्ये सापडत नाही. आणि सगळ्यात नवी इमेज म्हणजे सगळ्यात चांगली, हा समज सोडा. सिस्कोच्या डाउनलोड पानावर ज्या रिलीजपुढे तारा आहे ती घ्या, तिच्या रिलीज नोट्समध्ये तुमचं मॉडेल शोधा आणि डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) जुळवा.

पहिल्या रात्री एकच शाखा घ्या. जिथे केबल आहे आणि फोन उचलणारा माणूस आहे अशी. रीलोडआधी ताज्या कॉन्फिगची प्रत ॲप्लिकेशनच्या बाहेरही ठेवा. राउटर परत आला की जॉबच्या हिरव्या खुणेवर थांबू नका: व्हर्जन, नेबर, रूटची संख्या आधीच्या नोंदीशी ताडून बघा आणि सकाळी शाखा उघडल्यावर एक फोन करा. जुनी इमेज तोवर फ्लॅशवरून काढू नका. बाकीच्या शाखा पुढच्या विंडोत.