जर्मन फायान्सचे जुने मग ओळखताना या चुका टाळा

झाकणावर कोरलेलं साल म्हणजेच मगाचं साल, हे ऐकलं की मी हात जोडतो. फायान्स म्हणजे पांढरी झिलई, म्हणजे काचेसारखा थर, दिलेली भाजलेली माती. अठराव्या शतकातल्या उभट, नळकांड्यासारख्या बिअरच्या मगाला, म्हणजे वाल्त्सेनक्रूगला, प्युटरचं, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं, झाकण असे. साल आणि आद्याक्षरं मालक कोरून घेई, कधी मग जुना झाल्यावरही. मग फुटला की धड झाकण दुसऱ्यावर चढे.

फ्रँकफुर्टला राहणाऱ्या ओळखीच्या एका काकांनी जुन्या बाजारातून ‘1748’वाला मग उचलला. “अहो, तारीखच लिहिलीये, आणखी काय बघायचं?” मी झाकण मिटवलं. एकीकडे ते काठाबाहेर आलेलं, दुसरीकडे काठ उघडा. झाकण अडकवणारी कानाभोवतीची पट्टी कापून पुन्हा डाख दिलेला, शेजारी कानशीचे ताजे ओरखडे. बूड तर काल भट्टीतून निघाल्यासारखं, झीज नावाला नाही. झाकण अस्सल, मग नंतरची नक्कल. काका अजूनही पाहुण्यांना तारीखच दाखवतात.

म्हणून झाकण मी शेवटी बघतो. आधी ते हाताने धरून अख्खा मग उलटा करायचा आणि टवका किंवा झिलई नसलेली जागा शोधायची. आत पिवळट किंवा तांबूस, सच्छिद्र माती आणि तिच्यावर पांढऱ्या झिलईचा वेगळा थर दिसला तर फायान्स. आतही पांढरंशुभ्र असेल तर पोर्सिलेन. राखाडी आणि दगडासारखं टणक असेल तर जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागाकडचं स्टोनवेअर असू शकतं. काठावर एकही टवका नसेल तर खूश होऊ नका, अतिनील टॉर्च मारा. रंग भरून केलेली डागडुजी बहुधा वेगळी चमकते.

तळाच्या अक्षरावरून लगेच कारखाना ठरवू नका. ‘बी के’ ही जर्मनीतल्या बायरॉइटच्या कारखान्याची, तो क्नोलरकडे होता त्या काळातली खूण, हे खरं. पण पुष्कळ मगांवर खूणच नसते, आणि सुटं अक्षर अनेकदा रंगाऱ्याचं असतं.

निळं-पांढरं दिसलं की ‘डेल्फ्ट’, म्हणजे हॉलंडमधल्या त्या गावचं काम, म्हणणाऱ्या फोनमधल्या ॲपबद्दल काय बोलावं! फ्रँकफुर्टजवळच्या हानाउचा कारखाना 1661 मध्ये डच मंडळींनीच काढला, फ्रँकफुर्टचा 1666 मध्ये निघाला; दोन्हीकडे डच वळणाचं काम होई. पण दोन सेकंदांत उत्तर हवं असलेल्यांना माती बघायला वेळ कुठला?

आणि हो, असा मग पाण्यात बुडवून धुऊ नका. टवक्यातून माती पाणी पिते.