फ्लाय बांधायला शिकताय? आधी पाण्याच्या पापुद्र्याकडे बघा

फ्लाय म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं, केस, धागा बांधून केलेला नकली किडा. हवेत उडताना दिसणारा किडा बांधायला घेऊ नका. निदान सुरुवातीला तरी नको. व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) कसा लावायचा, धाग्याचा पाया कसा घालायचा, व्हिप फिनिश (धागा संपवायची शेवटची गाठ) कसं करायचं हे तुम्हाला एव्हाना माहीत असेल. नसेल तर कुठेही शिकता येईल, हात हळूहळू बसतोच. नवीन माणूस अडकतो तो दुसरीकडेच. मीही तिथेच अडकले होते. फ्लाय देखणी, प्रमाणात, रंग हुबेहूब; समोर ट्राउट मासे एकसारखे वर येऊन खातायत; आणि आपल्या फ्लायखालून मासा सरळ निघून जातो. त्या संध्याकाळी होणारा जिवाचा संताप मला अजून नीट आठवतो, म्हणून इथे जरा लांबण लावते.

मेफ्लाय या नदीवरच्या नाजूक किड्याचंच घ्या. तिचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली निम्फ म्हणून, म्हणजे पंख न फुटलेल्या पिल्लाच्या रूपात जातं. वेळ झाली की निम्फ वर येतो, पृष्ठभागाला टेकतो, पाठीवरची कात उकलते आणि आतून मळकट, अपारदर्शक पंखांचा डन बाहेर पडतो. डन उडून झाडीत जातो, तिथे आणखी एकदा कात टाकतो आणि चकचकीत, पारदर्शक पंखांचा स्पिनर होतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा कीटकांमधला हा एकमेव गण. आपल्याला काठावरून दिसतो तो शिडासारखे पंख उभे करून वाहत जाणारा डन. तो दिसतो म्हणून आपण तो बांधतो. फसगत होते ती इथेच.

कारण माशाला डनमध्ये तितका रस असेलच असं नाही. एवढ्याशा किड्यासाठी पाण्याचा वरचा पापुद्रा म्हणजे खरोखरचं छत असतं. ते फोडून बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो धड पोहूही शकत नाही, उडूही शकत नाही. अर्धं अंग कातीत, अर्धं बाहेर. काही जण तिथेच अडकून मरतात. डन क्षणात उडून जाऊ शकतो, हा अडकलेला कुठे जाणार? मासा त्यालाच उचलतो. या अवस्थेला इमर्जर म्हणतात, आणि ती वरून पाहणाऱ्या माणसाला जवळजवळ दिसतच नाही.

मग ओळखायचं कसं? मासा वर आला की काय दिसलं ते नीट बघा. तोंड पाण्याबाहेर आलं आणि मागे हवेचा बुडबुडा राहिला, तर त्याने वरचा किडा घेतला. तोंडाबरोबर हवा आत गेली आणि कल्ल्यांतून बाहेर पडली. तोंड दिसलंच नाही, नुसती पाठ आणि वरचा पर वळताना दिसला, बुडबुडा नाही, तर तो पापुद्र्याच्या खाली खातोय. अशा वेळी उंच तरंगणारी कोरडी फ्लाय कितीही सुंदर असली तरी ती चुकीच्या मजल्यावर आहे. गळ बारीक करून, रंग बदलून, दोरा पातळ करून उपयोग होत नाही. हे सगळं करून होतं, शेवटी आपलाच हात वाईट आहे असं वाटायला लागतं. हात वाईट नसतो. अवस्था चुकलेली असते.

यामागे प्रकाशाचा नियम आहे आणि तो एकदा समजला की बांधण्याची पद्धतच बदलते. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसतं. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावरची ही गोल खिडकी सुमारे ६८ सेंटीमीटर व्यासाची होते. खिडकीच्या बाहेरचा सगळा पृष्ठभाग त्याला आरसा असतो, तळाचं प्रतिबिंब दाखवणारा. पायांवर उभा असलेला डन त्या आरशात दिसत नाही. पाय टेकतात तिथे उमटलेले प्रकाशाचे ठिपके तेवढे दिसतात. इमर्जरचं पोट मात्र आरसा भेदून खाली लोंबत असतं. ते लांबूनच अख्खं दिसतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: व्हाइसमध्ये फ्लाय बाजूने बघून समाधान मानू नका. काचेच्या पारदर्शक भांड्यात पाणी घ्या, फ्लाय वर सोडा आणि खालून बघा. डबिंग (धाग्यावर वळून शरीर करायचे बारीक केस-तंतू) ओलं झालं की किती गडद होतं, पंख म्हणून लावलेलं जाडजूड पीस खालून कसं जवळपास गायब होतं, शरीर आडवं तरंगतंय की शेपटाकडून खाली झुकलंय, हे सगळं दोन मिनिटांत कळतं. हान्स व्हान क्लिंकेन या डच माणसाने १९८०च्या दशकात बांधलेली क्लिंकहॅमर ही फ्लाय याच कल्पनेवर उभी आहे. वाकड्या गळावर बारीक पोट, ते पाण्याखाली लोंबतं. पंखाच्या खुंटाभोवती आडवं गुंडाळलेलं हॅकल, म्हणजे कोंबड्याचं पीस, तिला पापुद्र्यात धरून ठेवतं. ती एकदा बांधून त्या भांड्यात टाका. माझी वरची सगळी बडबड डोळ्यांना दिसेल.

बाकीच्या किड्यांचं गणित वेगळं आहे. स्टोनफ्लायचा निम्फ बहुतेक वेळा सरपटत दगडावर किंवा काठावर येतो आणि तिथे कात टाकतो, त्यामुळे तिचा इमर्जर बांधत बसू नका. तळाशी निम्फ आणि अंडी घालायला परतलेली मादी, एवढं पुरे. निम्फ ओळखायला सोपा: दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या. मेफ्लायच्या निम्फला नखी एकच असते आणि कल्ले पोटाच्या बाजूंना असतात.

कॅडिसची अळी वेगळीच. पुष्कळ जाती वाळूचे कण, काड्या रेशमाने चिकटवून घर करतात, काही बिनघराच्या फिरतात, काही जाळं विणून वाहतं अन्न पकडतात. त्यांना कोषाची अवस्था असते. बऱ्याच जातींचा कोष भरभर वर येतो, म्हणून मासा त्याच्यामागे धावतो आणि पाणी उडवत घेतो. धप्पकन पाणी उडालं की मला आधी कॅडिसच आठवते. प्रौढासाठी अल ट्रॉथ यांची १९५७ची एल्क हेअर कॅडिस अजूनही पुरते. तिचे केस पोकळ असतात आणि ती खळाळत्या पाण्यातही तरंगते.

मिज या डासासारख्या किड्यांकडे नवीन लोक दुर्लक्ष करतात, कारण ते बारीक असतात. कृपा करून तसं करू नका. काही मिजच्या अळ्या हिमोग्लोबिनमुळे लाल असतात, आणि कोष पापुद्र्याला टेकून उभा लोंबतो. १८ किंवा २० नंबरचा वाकडा गळ, नुसता धागा, वर बारीक तारेचे वेढे, डोक्याशी पांढऱ्या तंतूंचा छोटा झुपका. बांधायला यापेक्षा सोपं काही नाही.

आता शॉर्टकटबद्दल. पन्नास प्रकारच्या फ्लाय शिकवणारे धडे मला मनापासून आवडत नाहीत. त्यांतून हात फिरतो, पण डोळा तयार होत नाही. फ्रँक सॉयर हे इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार. त्यांची फेझंट टेल निम्फ बघा: नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, धागासुद्धा नाही. तीच तार वजन देते आणि तीच बांधते. पाय लावलेले नाहीत, कारण पोहणारे निम्फ पाय अंगाशी घट्ट घेतात हे त्यांनी पाण्यात बघितलं होतं. पाय न लावण्याचा निर्णय निरीक्षणातून आला होता, आणि मला शिकण्यासारखं तेच वाटतं. ही एक फ्लाय वेगवेगळ्या मापांत बांधत राहा, जोवर दहाच्या दहा सारख्या दिसत नाहीत तोवर.

गुरूचंही तसंच. टेबलावर अप्रतिम बांधणारी पण नदीतला दगड कधी उलटून न बघणारी माणसं भरपूर भेटतील. त्यांच्याकडून गाठ शिका, किडा शिकू नका. मला खरं शिकवलं ते एका अबोल माणसाने. तो नदीवर आला की आधी अर्धा तास गळ टाकतच नसे. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा राहून बारीक जाळी आडवी धरायचा आणि वाहत येणारं बघायचा. तुम्हीही तेच करा. जाळीचा थोडा भाग पाण्याच्या वर, उरलेली खाली, म्हणजे पापुद्र्यातलंही सापडतं. सापडलेलं पांढऱ्या थाळीत ओता. माप गळाशेजारी ठेवून घ्या आणि रंग पोटाकडून बघा. पाठ बहुधा गडद असते, मासा खालून बघतो. दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा, किडे परत सोडा. जिथे कीटक गोळा करायला परवानगी लागते तिथे ती आधी घ्या.

बांधताना होणाऱ्या चुका थोडक्यात. गळाच्या डोळ्यामागे जागा सोडा, आत्ता वाटतेय त्याच्या दुप्पट; नाहीतर डोकं बांधताना डोळा बुजतो आणि नदीवर दोरा ओवता येत नाही. डबिंग चिमटीत घ्याल त्याच्या निम्मं करा, मग पुन्हा निम्मं. उभ्या हॅकलचे तंतू गळाच्या फटीच्या दीडपट ते दुप्पट. बदकाच्या तैलग्रंथीभोवतीची पिसं, म्हणजे सीडीसी, वापरत असाल तर त्यांना तरंगण्यासाठीची जेल लावू नका. तंतू चिकटतात आणि पीस बुडतं. तिथे कोरडी पावडर.

पहिल्या फ्लाय वेड्यावाकड्या होणार. होऊ देत. डोकं जाड, शेपूट तिरकी, हॅकल विस्कटलेलं, तरीही योग्य मापाची आणि योग्य पातळीवर वाहणारी फ्लाय मासा घेतो. निम्फ तर माशांच्या दातांनी थोडी उसवली की आणखी चांगली चालते असं मला पक्कं वाटतं. टाकून देऊ नका, एका डबीत ठेवा आणि वापरा.

पिसांची नवी कातडी आणली की बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. एका कातडीतली कीड सगळा संग्रह खाऊ शकते. नदीवरून आल्यावर फ्लायची डबी उघडी ठेवून वाळवा, गळ गंजतात. आणि गळाचा उलटा काटा दाबायचा असेल तर तो बांधायच्या आधी व्हाइसमध्ये दाबा. दाबताना कधीकधी गळाचं टोकच मोडतं, आणि तेव्हा त्याच्यावर काहीच बांधलेलं नसलेलं बरं.