पापणीवरचे पिवळे डाग, बुबुळाभोवतीचं कडं: हृदयाचे इशारे वाचताना या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. ठाण्याच्या राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नाही, आणि दुकानात एक काकू हातात आरसा धरून माझ्यावर तापलेल्या. "तुमच्या नोज पॅडनेच झालंय हे. आधीच्या चष्म्याला असं काही नव्हतं." नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखे दोन चपटे, पिवळे डाग. मी चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून दाखवलं. नोज पॅड टेकतो नाकाच्या उतारावर, डाग त्याच्या चांगला बोटभर वर. नोज पॅडने व्रण पडतो, लालसर नाहीतर काळपट. पिवळं काही उगवत नाही.

मी डॉक्टर नाही. नौपाड्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे, मी ऑप्टोमेट्रिस्ट. नंबर काढताना, फ्रेम बसवताना गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ जावं लागतं की न्हावी सोडला तर दुसरं कुणी जात नसेल. पापण्या, बुबुळं, कानाच्या पाळ्या, मान, सगळं वीतभरावरून दिसतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. अंगावर काही दिसलं की लोक एकतर ते घालवायच्या मागे लागतात, नाहीतर मोबाइलवर काहीबाही वाचून हाय खातात. कोलेस्टेरॉल, साखर आणि बीपी मोजून घ्यायचं साधं काम मात्र दोघांकडूनही राहून जातं.

डाग जाळून घेतला, रक्त तपासलंच नाही

बोलता बोलता निघालं की काकूंचे डाग दोन वर्षांपूर्वीही होते. एका स्किन क्लिनिकमध्ये ॲसिडने जाळून घेतले, खपल्या पडल्या, मुलीच्या लग्नातले फोटो छान आले आणि वर्षभरात डाग परत. कोलेस्टेरॉलचं नाव तिथे कुणी काढलं नव्हतं. पार्लरवालीने एरंडेल सुचवलं होतं, शेजारणीने लसूण. लसणाने पापणी भाजते, बाकी काही होत नाही.

या डागांना झँथेलाझ्मा म्हणतात. चरबी गिळून फुगलेल्या पेशी पापणीच्या पातळ कातडीखाली साठतात. दुखत नाही, खाजत नाही, नजरेला त्रास नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. काढून घ्यायला माझी हरकत नाही. चेहरा तुमचा आहे. फक्त आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करा.

उलटी चूकही तितकीच होते. असे डाग असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं, मग "बघा, काही नव्हतंच" म्हणून फाइल बंद. कोपनहेगनमध्ये १२,७४५ माणसांना १९७६ ते १९७८ या काळात तपासून २००९ पर्यंत त्यांचा माग ठेवला होता. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. पापण्यांवर डाग असणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त निघाला, आणि कोलेस्टेरॉल, बीपी वगैरे जमेला धरूनही तो जास्तच राहिला. ती माणसं डेन्मार्कची, आपला बांधा नि खाणंपिणं वेगळं, हे कबूल. तरी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डाग डॉक्टरांपासून लपवू नका. दाखवा, आणि बीपी, साखर, कंबर, घराण्यातले आजार हे सगळं त्यांना एकत्र बघू द्या.

काकूंचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ निघालं. पण डॉक्टर जास्त थबकले ते बीपीवर, १५८/९६. आपल्याला बीपी आहे हे काकूंना माहीतच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी परत दुकानात, परत चिडलेल्या: "रिपोर्ट सुधारला, मग हे का जात नाहीत?" साठलेली चरबी गोळीने लगेच विरघळत नाही, कित्येकदा जातच नाही. औषध लागू पडतंय की नाही ते रिपोर्टवर बघायचं. डाग तसाच आहे म्हणून गोळी सोडणारे मला दोघे-तिघे तरी माहीत आहेत.

बुबुळाचं कडं: सत्तरीतलं आणि अडतिशीतलं

तलावपाळीवर संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आजोबांकडे जवळून पाहिलंत तर काळ्या बुबुळाच्या कडेने राखाडी-पांढरं वर्तुळ दिसेल. दुकानात येऊन ते विचारतात, "मोतीबिंदू पिकला काय हो?" नाही. मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो, मधल्या बाहुलीच्या मागे. हे कडं बाहेरच्या पारदर्शक पडद्यात असतं आणि नजर अडवत नाही. वयानुसार ते येतंच. वर सांगितलेल्या कोपनहेगनच्या पाहणीतही, वय वगैरे जमेला धरल्यावर, एकट्या कड्यावरून हार्ट अटॅकचा अंदाज बांधता आला नाही. तेव्हा सत्तरीच्या आजोबांना यावरून घाबरवू नका.

चाळिशीच्या आत मात्र गोष्ट बदलते. घोडबंदर रोडला राहणारा, आयटीतला, ३८ वर्षांचा एक जण "स्क्रीनमुळे डोळे शिणतात" म्हणून आला. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहिलं तर बुबुळाच्या वर आणि खाली पांढरट कमान. अंगाने सडपातळ. मी विचारलं, "वडिलांना काही त्रास?" तो म्हणाला, "बाबा ४४ व्या वर्षीच गेले. झोपेत." थोडं थांबून, "मोठे काका पण तसेच." मी नंबर लिहून दिला आणि त्याच कागदाच्या खाली लिपिड प्रोफाइल करून फिजिशियनला भेटा असं लिहिलं.

एलडीएल २६२. डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले तर टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, हाताला जाडजूड, गाठाळ लागली. कोलेस्टेरॉल तिथेही साठतं, बोटांच्या पेरांवरच्या कंडरांतही साठतं. हा प्रकार कुळातून येतो. नाव लांबलचक आहे, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे पेशींवरचे हुक जन्मापासूनच कमी किंवा बिघडलेले असतात. हे हुक मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधले आणि त्याबद्दल त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. म्हणूनच "मी तर बारीक आहे, तळलेलं खातच नाही" या युक्तिवादाला इथे अर्थ नाही. एलडीएल १९० च्या वर दिसलं की घराण्याची चौकशी करायची. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी, आणि इथे लोक हमखास चुकतात: स्वतःची गोळी सुरू करतात आणि भावंडांना, पोरांना तपासत नाहीत.

कानाच्या पाळीची घडी

यावरचे फॉरवर्ड मला आठवड्याला एक तरी येतात. पाळीवर तिरकी, खोल घडी असली की हृदयरोग, हे निरीक्षण सँडर्स फ्रँक या अमेरिकी डॉक्टरांनी १९७३ मध्ये मांडलं, म्हणून तिला फ्रँकची खूण म्हणतात. नंतरच्या पाहण्यांत काहींनी दुजोरा दिला, काहींनी नाही. वय वाढलं की घडी पडतेच. आपल्याकडच्या बायकांच्या पाळ्या जड कुड्या नि झुब्यांनी ओघळलेल्या असतात, त्या ओघळण्याचा हृदयाशी काही संबंध नाही. पन्नाशीच्या आत दोन्ही कानांना ठळक घडी असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवा. त्यापलीकडे या घडीला मी फार भाव देत नाही.

मान घासू नका, कंबर मोजा

शाळकरी पोरांना चष्मा बसवताना मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसतो, आणि आई ओशाळून म्हणते, "कितीही घासा, मळ जातच नाही." बेसन झालं, लिंबू झालं, खायचा सोडासुद्धा झाला. तो मळ नव्हेच. इन्शुलिन अंगाला नीट लागू पडत नसलं की मानेची, काखेची कातडी अशी जाड आणि काळी होते. सोबत बारीक लोंबत्या चामखिळीही येतात. पुढे मधुमेह, आणि मधुमेहाच्या पाठीमागून हृदय. तेव्हा मान सोडा आणि साखर, वजन, कंबर बघा.

कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. बत्तीसची पँट पोटाखाली सरकवून घालणारे आणि "माझी साइज कॉलेजपासून तीच" म्हणणारे सद्गृहस्थ आमच्या घरातच आहेत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, याच्या वर धोका सुरू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातापायाच्या काड्या आणि पुढे माठ असलेल्या मराठी माणसाने वजनकाट्यावर विसंबू नये, ते यासाठी.

पाय सुजले म्हणून गोळी बंद

हे माझ्या बाबांचं. रोज सकाळी उपवनला चालायला जाणारा माणूस. घोट्यापाशी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ पडायला लागला, अंगठ्याने दाबलं की खळगा राहायचा. कुणीतरी सांगितलं, बीपीच्या गोळीचा साइड इफेक्ट आहे. सांगणारा चुकला नव्हता, त्यांच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. पण बाबांनी कुणाला न विचारता गोळी बंद केली आणि दहा दिवसांत बीपी १८० वर. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सूज उतरली. हेच काम आधी एका फोनवर झालं असतं.

केमिस्टकडून परस्पर लघवीची गोळी आणून खाणं ही याच्याही पुढची चूक. सूज हृदयाची असेल, मूत्रपिंडाची, यकृताची, नाहीतर दिवसभर उभं राहून फुगलेल्या शिरांची. दोन्ही पाय सुजलेत, जिना चढताना नवा दम लागतोय, रात्री एका उशीने भागत नाही, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलंय, असं जमून आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते, तिथेही थांबायचं नाही.

नखांचं थोडक्यात. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखं पाठीला पाठ लावून धरा, मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीकशी फट दिसायला हवी. फट बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील तर छाती तपासून घ्या. कारण बहुधा फुप्फुसात सापडतं, कधी हृदयाच्या झडपेच्या संसर्गात किंवा जन्मजात हृदयदोषात.

"गॅस असेल"

खुणा महिनोन्महिने असतात, त्यांना दोन दिवस इकडे तिकडे चालतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, जबड्यात नाहीतर डाव्या हातात कळ, दरदरून घाम, मळमळ, यांना चालत नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती न दुखता नुसता दम आणि गळाठा असंही होतं. ओवा चावत, सोडा पीत दोन तास बसू नका आणि स्वतः गाडी चालवत घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तर शिरूच नका. १०८ लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबा. ट्रोपोनिन ही हृदयाच्या इजेची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

अंगावर काहीच नाही, म्हणून निर्धास्त

मला सगळ्यात जास्त भीती या चुकीची वाटते. वाढलेलं बीपी चेहऱ्यावर दिसत नाही. एलडीएल वाढलेल्या बहुतेकांना ना डाग असतो ना कडं. मोजल्याशिवाय कळायचा मार्ग नाही, आणि मोजतानाही घोळ होतात. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचे जिने चढून आल्या आल्या शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतला तर बीपी जास्तच येणार. पाच मिनिटं टेकून बसा, अर्धा तास आधी चहा नको, हात छातीच्या उंचीला, गप्पा बंद. तापातून उठल्या उठल्या लिपिड करू नका, एलडीएल खोटं कमी दिसतं. नुसत्या टोटल कोलेस्टेरॉलवर समाधान मानू नका, एलडीएल बघा. तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कुळातून येणारा, कोलेस्टेरॉल वाहणारा कण) यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि गोळीने रिपोर्ट नॉर्मल आला की तो गोळीमुळे आलाय, हे विसरू नका.

तो घोडबंदरचा मुलगा मध्यंतरी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आला होता, तिच्या पहिल्या चष्म्यासाठी. तिने गुलाबी काड्यांची फ्रेम निवडली. तिचं रक्त तपासून झालं होतं, सुदैवाने ठीक निघालं. तो वैतागला होता नाशिकच्या भावावर. भाऊ ४१ वर्षांचा. वर्षभर सांगतोय, तपासून घे, तर म्हणे, "तुझ्या डोळ्यात कडं होतं, माझ्या कुठे आहे?" भाऊबीजेला ठाण्यात आला तेव्हा बहिणीने ओवाळणीऐवजी त्याच्याकडून रक्ताची तपासणी मागून घेतली. मोबाइलवर रिपोर्ट दाखवला मला. एलडीएल २३१.