शंभर मेंढ्यांना मेंढे किती?

जत-आटपाडीकडची नवी पोरं मला हेच विचारतात. माझा हिशेब असा: दोन-तीन वर्षांचा, पायानं धड आणि अंगानं भरलेला मेंढा असेल तर 25-30 मेंढ्यांमागे एक. दीड वर्षाच्या पोरसवदा मेंढ्यावर 15 पेक्षा जास्त टाकू नका. म्हणजे भरलेले मेंढे असतील तर शंभराला चार. त्यातला एखादा लंगडला तरी बाकीचे निभावून नेतात.

चार म्हणजे नुसती चार डोकी नव्हेत. कळप लावायच्या, म्हणजे मेंढे मेंढ्यांत सोडायच्या, दोन महिने आधी एकेकाला धरून दोन्ही अंडं हातानं चाचपा. सारखी, घट्ट हवीत. गाठ किंवा लहान-मोठं लागलं तर तो मेंढा बाजूला काढा. दोन महिने आधी का, तर वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात. उन्हाळ्यात ताप आला, नाहीतर सावलीविना ऊन खाल्लं, तर वरून धडधाकट दिसणारा मेंढाही पावसाळ्याच्या तोंडाला रिकामाच चढतो.

मेंढीचं माजाचं चक्र 17 दिवसांचं, माज टिकतो जेमतेम दीड दिवस. पावसानं हिरवा चारा फुटला की बऱ्याच मेंढ्या एकदम माजावर येतात. तेव्हा मेंढा कमी पडला की उरलेल्या उलटल्याच, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येणार, म्हणून समजा. उलट मेंढे जास्त झाले तर टकरा घेण्यातच दिवस जातो. त्यातही दोनच मेंढे असतील तर दांडगा दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही, आणि दांडग्यातच खोट असली तर सगळा हंगाम बुडतो. अशा वेळी कळपाचे दोन भाग करा, नाहीतर एक दिवसा आणि एक रात्री सोडा.

खात्री करायला गेरू पुरतो. गोड्या तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला, पुढच्या पायांच्या मधे चोपडा; दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. लागलेल्या, म्हणजे मेंढा चढलेल्या, मेंढीच्या ढुंगणावर लाल डाग दिसतो. 17 दिवसांनी गेरूऐवजी नीळ लावा. लाल डागावर निळाही डाग उठला तर ती मेंढी उलटली. दोन-चार उलटतातच, पण निम्म्याअधिक निळ्या झाल्या तर मेंढ्यांना दोष देऊ नका. त्याच दिवशी मेंढा बदला.

दीड-पावणेदोन महिन्यांनी मेंढे वेगळे करा. आषाढात लागलेल्या मेंढ्या मार्गशीर्षात व्यायला लागतात आणि कोकरं एका वयाची मिळतात. दोन वर्षांनी मेंढा दुसऱ्या वाड्याशी, म्हणजे दुसऱ्या मेंढपाळाच्या कळपाशी, बदलून घ्या, कारण तोवर त्याच्याच लेकी माजावर यायला लागलेल्या असतात.