रोधक आणि धारित्र असलेला दिष्ट धारेचा परिपथ कसा सोडवावा

दिष्ट धारेच्या, म्हणजेच डीसीच्या, परिपथात केवळ रोधक असतील तर ओहमचा नियम आणि किरचॉफचे दोन नियम (जोडबिंदूत येणारी आणि तेथून जाणारी विद्युतधारा सारखी; बंद मार्गातील विभवांतरांची बेरीज शून्य) पुरेसे असतात. त्यात धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, आला की उत्तर काळानुसार बदलू लागते आणि अनेक विद्यार्थी लगेच अवकल समीकरण मांडायला बसतात. धारित्र एकच असेल, तर माझ्या मते तो वळसा टाळावा. कळ दाबल्याच्या क्षणाची स्थिती, बराच काळ लोटल्यानंतरची स्थिती आणि कालांक, म्हणजे हा बदल किती वेगाने होतो ते सांगणारा काळ, या तीन गोष्टी काढल्या की पुरे.

उदाहरणार्थ, १२ व्होल्टचा घट, त्याच्याशी एकसर जोडणीत कळ आणि २ किलोओहमचा रोधक, व त्यापुढे ४ किलोओहमचा दुसरा रोधक आणि १०० मायक्रोफॅरडचे रिकामे धारित्र एकमेकांना समांतर जोडलेले आहे, असे समजा. घटाचा अंतर्गत रोध नगण्य मानू.

धारित्राचे विभवांतर (व्होल्टेज) एका क्षणात बदलू शकत नाही, कारण त्यासाठी अनंत विद्युतधारा लागेल. त्यातील विद्युतधारा मात्र क्षणात बदलू शकते. बहुतेक चुका या दोहोंची गल्लत झाल्याने होतात. म्हणून कळ दाबताच रिकामे धारित्र साध्या तारेसारखे वागते, दुसऱ्या रोधकात काहीच वाहत नाही आणि ६ मिलिअँपिअरची सगळी विद्युतधारा धारित्रातून जाते. बऱ्याच वेळाने तीच जागा तुटलेल्या तारेसारखी होते. तेव्हा दोन्ही रोधकांतून २ मिलिअँपिअर वाहतात आणि धारित्रावर १२ नव्हे, तर ८ व्होल्ट उरतात.

कालांक म्हणजे रोध आणि धारकता यांचा गुणाकार. पण कोणता रोध घ्यायचा, हाच खरा प्रश्न असतो. घटाच्या जागी तार कल्पून धारित्राच्या दोन टोकांमधून परिपथाकडे पाहावे. तेथून दोन्ही रोधक समांतर दिसतात, त्यामुळे रोध १.३३ किलोओहम आणि कालांक सुमारे ०.१३३ सेकंद येतो. यानंतर विभवांतराचे किंवा विद्युतधारेचे कोणत्याही क्षणाचे मूल्य असे मिळते:

अंतिम मूल्य + (आरंभीचे मूल्य − अंतिम मूल्य) × ई^(−काळ ÷ कालांक), येथे ई = २.७१८.

एका कालांकानंतर धारित्रावर ८ व्होल्टच्या ६३.२ टक्के, म्हणजे ५.०६ व्होल्ट असतात. पडताळा घेणे सोपे आहे: त्या क्षणी पहिल्या रोधकात ३.४७, दुसऱ्यात १.२६ आणि धारित्रात २.२१ मिलिअँपिअर वाहतात, आणि शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकी भरते. पाच कालांकांनंतर प्रभारण, म्हणजे धारित्र भरणे, ९९.३ टक्के झालेले असते; व्यवहारात ते पूर्ण मानतात.

आता कळ उघडली, तर पहिला रोधक परिपथाबाहेर जातो आणि धारित्र फक्त ४ किलोओहममधून रिकामे होते. कालांक ०.४ सेकंद होतो, म्हणजे प्रभारणाच्या तिप्पट. कळेची स्थिती बदलली की कालांक नव्याने काढावा.

एकत्र करता न येणारी दोन धारित्रे असतील, तर एकच कालांक चालत नाही. तरीही आरंभीची आणि अंतिम स्थिती याच रीतीने मिळते.

प्रत्यक्ष मोजमाप करताना मीटरचाही हिशेब धरावा. अनेक डिजिटल मल्टिमीटरांचा रोध १० मेगाओहम असतो. किलोओहमच्या रोधकांवर त्याचा परिणाम नगण्य ठरतो, पण ४ मेगाओहमच्या रोधकाला मीटर समांतर लावल्यास तेथे प्रत्यक्षात २.८६ मेगाओहमच उरतात आणि धारित्र गणितापेक्षा लवकर रिकामे होते.