हिवाळ्यात घोडा गाडीतून आणताय? या चुका टाळा

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की कोल्हापूर भागातली हौशी मंडळी घोडं आणायला निघतात. सहाशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, रात्रीची थंडी, आणि दरवर्षी त्याच चुका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाडीला चहूबाजूंनी ताडपत्री आवळणं आणि घोड्याचं तोंड वर, आखूड बांधणं. करवीर तालुक्यातल्या एका पोरानं अशीच घोडी आणली. फाळका उघडला तर मुताच्या वाफेनं माझेच डोळे झोंबले. "थंडी बाधू नये म्हणून सगळं बंद करून आणलंय, मामा," पोरगं कौतुकानं सांगत होतं. वाटेत डिझेलपुरता थांबला होता, घोडीची मान एकदाही मोकळी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं दाणा सोडला, खोकला सुरू झाला, ताप १०४. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, दोन्ही फुफ्फुसांत संसर्ग. घोडी वाचली, पण इंजेक्शनांवर कित्येक आठवडे गेले आणि हंगाम बुडाला.

असं का होतं, ते समजून घ्या. चरताना घोड्याचं डोकं खाली असतं, तेव्हा श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड बाहेर पडतो. तोंड तासन्‌तास वर बांधलं की ती घाण आत साचते, जंतू फुफ्फुसात उतरतात. त्यात मुताचा अमोनिया कोंडला की संपलंच. धडधाकट, कोरड्या घोड्याला आपल्याकडची थंडी काही करत नाही. मी ताडपत्री फक्त वर आणि पुढे बांधतो, मागची बाजू उघडी. केस कापलेले असतील तर अंगावर झूल. दर तीन-चार तासांनी सावलीत गाडी उभी करून दावं सैल सोडतो, मान जमिनीकडं जाऊ देतो. वीसेक मिनिटं जातात. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं घोडं पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक पहाटेची घाई. आपल्याकडं थंडी म्हणजे उसाचा हंगाम. वारणा-पंचगंगेच्या काठानं धुकं उतरलेलं असतं आणि पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागचा दिवा लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. मोकळ्या गाडीनं तुम्ही करकचून ब्रेक माराल आणि वाचाल. मागं घोडा उभा असेल तर तो गुडघ्यावर आपटतो, फळीवर तोंड फुटतं. शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल दवानं भिजतो, त्यावर गाडी घसरते ती वेगळीच. ड्रायव्हर म्हणतो, "सकाळी रस्ता मोकळा असतोय." मी ऊन पडल्याशिवाय निघत नाही. मधेच धुकं लागलं तर ढाब्यावर थांबतो. घाईची कारणं मला सांगू नका.

पाण्याकडंही दुर्लक्ष होतं. थंडीत घोडा पाणी कमी पितो, वर कोरडी वैरण घातली की पोटशूळ ठरलेला. पाणी कोमट करा, कोंडा भिजवून द्या.

तळाला नुसतं पाचट टाकू नका, पत्र्यावर पाय सरकतो. आधी रबर मॅट, मग भाताचं पिंजर. दाव्याला एका हिसक्यात सुटणारी गाठच हवी. ट्रेलर असेल तर हूकची पिन आणि दोन्ही साखळ्या स्वतः हातानं ओढून बघा, ड्रायव्हरच्या शब्दावर जाऊ नका. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल तर तो उजवीकडं उभा करा, कारण रस्त्याचा उतार डावीकडं असतो. आणि खंबाटकी घाट न्यूट्रलवर उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत माझं जनावर कधीच चढणार नाही. जनावर प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला १९७८ च्या नियमांनुसार लागतो. तो बाजारातूनच घेऊन निघा.

घरी उतरवल्यावर पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. ताप १०१.५ च्या वर गेला तर खोकल्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.