दुचाकीचा अपघात: भरपाई घालवणाऱ्या या चुका टाळा

मोटार अपघाताच्या दाव्याची फाईल हातात आली की मी एफआयआर नंतर वाचते. आधी दवाखान्याचा पहिला केस पेपर काढते आणि वरच्या दोन ओळी पाहते. तिथे बऱ्याचदा डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं असतं: 'गाडीवरून पडून दुखापत'.

ही ओळ कशी उमटते तेही ठरलेलं आहे. टेम्पोने मागून उडवलेलं असतं, पायाचं हाड मोडलेलं असतं, जखमी माणूस अर्धवट शुद्धीत असतो. रस्त्यावरच्या कुणी भल्या माणसाने त्याला रिक्षात घालून आणलेलं असतं. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" आणणारा सांगतो, "गाडीवरून पडले." त्याचं काही चुकलेलं नसतं, त्याने तेवढंच पाहिलेलं असतं. दोन वर्षांनी उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील हाच कागद पुढे करतात आणि विचारतात, "यात टेम्पोचा उल्लेख कुठे आहे, दाखवा." कंपनीचा बचाव ठरून जातो: माणूस स्वतःच घसरून पडला, टेम्पो मागाहून आणून उभा केला.

म्हणून पहिली चूक हीच, दवाखान्यातला कागद न वाचणं. जखमीसोबत जो कोणी शुद्धीवर असेल त्याने डॉक्टरांना साधं आणि पूर्ण वाक्य सांगावं: अमुक रस्त्यावर, अमुक वाजता, अमुक प्रकारच्या गाडीने धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही. मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करायला सांगावं, म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते. चुकीची ओळ आधीच लिहिली गेली असेल तर त्यावर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय आणखी वाढतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वेगळी, तारखेसह नोंद करायला सांगा आणि पोलिसांच्या जबाबात नीट घटना येऊ द्या. जखमीला आणणारे लोक पोलिसांच्या भीतीने पळतात. त्यांनाही सांगून ठेवा की मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही.

"आपापसात मिटवू" ही दुसरी चूक

समोरचा चालक गयावया करतो, दहा-वीस हजार हातावर ठेवतो, आपणही म्हणतो जाऊ द्या. गुडघ्याची खरी दुखापत सूज उतरल्यावर कळते. तोवर फिर्याद नाही, पंचनामा नाही, गाडीचा नंबरही कुणी लिहून घेतलेला नाही. पैसे मोजायच्या आधी गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. नंबरवरून विमा चालू आहे की नाही ते एमपरिवहन ॲपवर दिसतं. जवळपासच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी चित्रण मागा, ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि आपली मोडलेली गाडी पोलिसांनी पाहणी करायच्या आत गॅरेजमध्ये देऊ नका. धडक कुठून बसली हे ती गाडीच सांगते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला घरचं कुणीतरी हजर राहिलेलं बरं. ब्रेकच्या खुणा, काचा, रस्त्याची रुंदी, कोणती गाडी कोणत्या बाजूला होती, हे त्यात आलं नाही तर पुढे कुठूनच येत नाही. फिर्याद द्यायला उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. मात्र उशिराचं कारण द्यावं लागतं. 'आयसीयूत होतो' हे कारण चालतं, 'मिटवामिटवी चालू होती' हे फारसं चालत नाही.

सहा महिने

कायद्यात १९९४ पासून दाव्याला मुदतच नव्हती, त्यामुळे जुनेजाणते लोक अजून सांगतात, "सावकाश करा, क्लेमला लिमिट नाही." तसं आता नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आणली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयाला) पाठवलेला अपघाताचा अहवाल दावा म्हणून धरता येतो ही तरतूद आहे खरी. तरी पोलीस पाठवतील म्हणून हातावर हात ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या फाईली अजून ठाण्याच्या कपाटात आहेत. स्वतःचा अर्ज स्वतः करा. अपघात परमुलखात झाला म्हणून तिथे हेलपाटे घालायचीही गरज नाही. तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: टक्के

"डॉक्टरांनी चाळीस टक्के अपंगत्व लिहून दिलंय, मग चाळीस टक्के कमाईचे पैसे मिळणार ना?" हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो. नाही मिळणार. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नीट फोड करून ठेवली आहे. दाखल्यावरचे टक्के एका अवयवाचे आहेत की सगळ्या शरीराचे, हे आधी पाहायचं. मग त्या अपंगत्वाने या माणसाची, याच कामातली, कमाई किती घटली ते पाहायचं. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचं पोट जातं. दाखला दोघांचा सारखाच असतो.

म्हणून नुसता दाखला जोडून भागत नाही. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी किंवा वैद्यकीय मंडळाने साक्षीत सांगावं लागतं की हा माणूस शिडी चढू शकणार नाही, उकिडवा बसू शकणार नाही, वजन उचलू शकणार नाही. आणि तुम्ही सांगावं लागतं की तुमचं काम शिडीवरचं आहे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला पूर्वी कधी तपासलंच नसेल, तर त्या कागदाची किंमत किती राहील ते तुम्हीच ओळखा.

आता हिशोब पाहा. घरोघरी वायरिंगची कामं करणारा ३२ वर्षांचा माणूस, महिन्याची कमाई २०,००० रुपये. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. कमाईवरचा परिणाम २० टक्के मानला तर वर्षाला ६७,२०० चं नुकसान. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाचं नुकसान किती पटीने धरायचं तो आकडा) १६. एकूण १०,७५,२००.

हाच माणूस कमाईचा एकही कागद दाखवू शकला नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने १२,००० धरले, तर उत्तर येतं ६,४५,१२०. चार लाख तीस हजारांचा फरक, तोही केवळ पासबुक, ग्राहकांना दिलेली बिलं, यूपीआयची नोंद, जमलं तर आयकर विवरणपत्र, एवढं न ठेवल्यामुळे. रोखीत काम करणाऱ्यांनी निदान दोन नेहमीच्या ग्राहकांना साक्षीला तयार ठेवावं. नोकरदारांनी कामावर नसलेल्या दिवसांचा, पगारकपातीचा दाखला कंपनीकडून वेळीच घ्यावा. रजा वापरून पगार मिळाला असेल तर खर्ची पडलेल्या रजेची नोंद मागावी.

बिलांबद्दल थोडक्यात. औषधांची मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट. दवाखान्यात जायच्या-यायच्या भाड्याच्या पावत्या. फिजिओथेरपीच्या प्रत्येक दिवसाची नोंद. पायात रॉड असेल तर तो काढायच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च लेखी घ्या, भविष्यातल्या उपचारांचे पैसे याच दाव्यात मागायचे असतात, नंतर दुसरा दावा लावता येत नाही. मेडिक्लेम मिळाला म्हणून बिलं फेकून देऊ नका. मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये म्हटलंय. वेदना, महिनोन्‌महिने घरात पडून राहणं, आवडीचं काही करता न येणं, यांचेही पैसे वेगळ्या सदरात असतात. अर्जात ते लिहायचंच राहून जातं.

मागे बसलेल्याचं काय?

इथे गफलत फार. मागे बसलेल्याला दुसऱ्या गाडीने उडवलं तर त्याचा दावा दुसऱ्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर उभा राहतो. चूक दोन्ही चालकांची असली तरी तो कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. पण आपलीच गाडी घसरली आणि गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मागच्याला विमा कंपनी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यासाठी पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी लागते. चालवणारा मालक स्वतःच पडला तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तपासावं. ते मृत्यू किंवा मोठ्या कायम अपंगत्वासाठी असतं, साध्या फ्रॅक्चरला नाही. ते थर्ड पार्टी पॉलिसीतच आहे असं गृहीत धरून लोक गप्प बसतात आणि प्रत्यक्षात प्रीमियमच भरलेला नसतो.

हेल्मेट नव्हतं किंवा तिघे बसले होते, म्हणून दावाच नाही, हाही गैरसमज. दंड होईल. पण तिघे बसणं आणि अपघात यांचा कार्यकारणसंबंध दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, हे २०२० च्या मोहम्मद सिद्दीकी निकालात आहे. मांडी मोडली असेल तर हेल्मेटचा मुद्दा बहुधा टिकत नाही. डोक्याला मार असेल तर मात्र वाद होतो.

धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणात करायचा नसतो, प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. लोक दोन वर्षं चुकीच्या दारात उभे राहतात.

सही करण्याआधी

विमा कंपनीचा माणूस घरी येतो, गंभीर दुखापतीला कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मिळणारे अडीच लाख सांगतो. वेगळा हिशोब न करता हो म्हणू नका. ती रक्कम स्वीकारली की समोरच्याची चूक दाखवून मागायचा कलम १६६ चा मोठा दावा संपतो. ज्याला कायमचं अपंगत्व नाही आणि ज्याला समोरच्याची चूकही दाखवता येण्यासारखी नाही, त्याला अडीच लाख चांगले. वायरमनला नाहीत. लोकअदालतीतही तेच: तडजोड झाली की अपील नाही. तिथे जाण्याआधी वरच्यासारखं गणित एका कागदावर करून खिशात ठेवा, व्याज धरून.

वकील टक्केवारीवर काम करतो म्हणाला तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही, हे त्याला ठाऊक असतं. फी आकड्यात ठरवा आणि लिहून घ्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. वकिलाच्या नावे कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका. निकाल लागल्यावर रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात यावी म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत अर्जासोबतच लावा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड दुसऱ्या कुणाकडे ठेवायला देऊ नका.